चोवीस वर्षं मिलमध्ये काढली, हाती काही नाही. माझ्या मित्रासाठी काय करू?

मेहरूणकाठ

जळगावहून लिहितोय. नोकरी माझी गेलेली नाही, माझ्या मित्राची गेली आहे. मित्र म्हणजे माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. मी एकेचाळीस, ते छप्पन्न. मी त्यांना नाना म्हणतो, ते मला भाऊ म्हणतात.

२००६ मध्ये मी इथल्या एका डाळ मिलमध्ये बिलं करायला लागलो, तेव्हा नाना तिथे खरेदी आणि वजनकाटा सांभाळायचे. गाडी आली की पोत्याला परखी (नमुना काढायची पोकळ सळई) मारून मूठभर तूर तळहातावर घ्यायचे, फुंकर मारायचे, एक दाणा दाताखाली धरायचे आणि सांगायचे, "ओली शे. दोन दिवस ऊन दाखवा, मग आना." शेतकरी भांडायला लागला की त्यालाही एक दाणा चावायला द्यायचे. मला हिशेब त्यांनी शिकवला. माझ्या लग्नात माझे वडील नव्हते, तेव्हा पाहुण्यांच्या पंगतीत वाढायला नानाच कंबर बांधून उभे होते.

मी चार वर्षांनी ती नोकरी सोडली. नाना २००१ पासून तिथेच होते. या दिवाळीत मालकांनी मिल विकली. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी नानांना बोलावलं, साठ हजारांचं पाकीट दिलं आणि एका कागदावर सही घेतली की 'मी स्वखुशीने काम सोडत आहे.' शेवटचा पगार अठरा हजार होता.

शिल्लक काही नाही. मुलीचं लग्न, मुलाचं पुण्यातलं इंजिनिअरिंग, धाकट्या भावाचं बायपास, सगळं त्या पगारातून आणि दोनदा पीएफ काढून झालं. दोन खोल्यांचं घर स्वतःचं आहे. घरात वहिनी आणि ब्याऐंशी वर्षांची आई. मुलाला नोकरी लागून सहाच महिने झालेत, त्याला यांनी अजून काही सांगितलेलं नाही.

मागच्या आठवड्यात मी वीस हजार घेऊन गेलो. नानांनी चहा पाजला, गप्पा मारल्या. घरी आल्यावर पाहिलं तर पाकीट माझ्याच गाडीच्या डिकीत. संध्याकाळी फोन केला तर म्हणाले, "माले पैसा नको भाऊ. काम सांग." तेव्हापासून फोन उचलत नाहीत.

दोन प्रश्न आहेत. त्यांचं हक्काचं काही निघतं का? आणि त्यांना न दुखावता मी उभा कसा राहू?

केळीबाग_रावेर

वाचून पोटात कालवलं. पहिली गोष्ट, फोन करू नका. घरी जा. आपल्याकडे फोन न उचलणारा माणूस दारात आलेल्याला बस म्हणतोच.

जुनी_फाईल

मी तीस वर्षं कारखान्यांची पीएफ आणि कामगार कायद्याची कागदपत्रं केली, आता घरी असतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो.

ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सुटताना मालकाने द्यायची रक्कम: हा कायदा १९७२ चा. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला लागतो, आणि एकदा लागला की पुढे माणसं कमी झाली तरी सुटत नाही. पाच वर्षं सलग नोकरी झाली की हक्क मिळतो. नवीन कामगार संहिता आल्या तरी वर्षाला पंधरा दिवसांचा पगार हा हिशेब तोच आहे, महिना सव्वीस दिवसांचा धरून. अठरा हजार गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, गुणिले चोवीस वर्षं. साधारण २ लाख ४९ हजार रुपये होतात. अठरा हजारात भत्ते वेगळे दाखवले असतील तर आकडा थोडा खाली येईल.

आता त्या सहीबद्दल. राजीनामा दिला तरी ग्रॅच्युइटी मिळते. 'मला काही नको' असं लिहून घेतलं तरी तो कागद कायद्याच्या वर जात नाही. म्हणजे सही झाली म्हणून सगळं संपलं असं नानांना वाटत असेल तर आधी ते मनातून काढा. मालकाला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तीस दिवसांत पैसे आले नाहीत तर ग्रॅच्युइटीच्या सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, तो कुठे द्यायचा ते कामगार कार्यालयात विचारा. वकील लागतोच असं नाही. उशीर मात्र करू नका.

पीएफ: दोनदा काढला म्हणता, तो काढलेला पैसा बहुधा भविष्य निर्वाह निधीतला. मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के पेन्शनच्या खात्यात वेगळे जातात, नोकरीत असताना घेतलेल्या उचलीत त्याला हात लागत नाही. त्या पेन्शनला किमान दहा वर्षांची नोकरी लागते. मिलमध्ये पीएफ कधीपासून कापला जात होता, हे कळवा.

मेहरूणकाठ

जुनी_फाईल काका, मनापासून आभार. पीएफ जून २०१७ पासूनच. त्याआधी कागदावर वीस माणसं दाखवतच नव्हते. म्हणजे आठ वर्षं पाच महिने. दहा होत नाहीत.

स्पष्ट_बोलतो

राग येईल, पण लिहितो. २००१ पासून महिना हजार रुपये जरी बाजूला टाकले असते तरी आज हातात चांगली रक्कम असती. आपल्याकडे लग्नात पाचशे पानं उठवायला पैसे असतात, म्हातारपणासाठी नसतात. नानांबद्दल वाईट वाटतं, पण वाचणाऱ्या तरुणांनी यातून हे शिकावं.

अमळनेरची_लेक

स्पष्ट_बोलतो, तुमचा हिशेब बरोबर आहे, तो कोणाच्या घरातला आहे ते बघा. २००१ मध्ये मिलमधल्या माणसाला पगार किती होता असं तुम्हाला वाटतं? माझे वडील गिरणीत होते. त्यांच्या पगारात घरभाडं, किराणा आणि आम्हा तीन बहिणींच्या वह्या गेल्या की उरायचं ते आजीच्या औषधाला. आई पंधरा तारखेनंतर तूरडाळीच्या वरणात पाणी वाढवायची आणि आम्हाला सांगायची, पातळ वरण पचायला हलकं असतं. कितीतरी वर्षं आम्हाला ते खरं वाटत होतं.

आणि भावाचं बायपास. काय करायला हवं होतं, भावाला सांगायचं की थांब, माझी पेन्शन साठतेय?

मेहरूणकाठ, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल माझ्या घरातलं सांगते. गिरणी बंद झाली तेव्हा वडिलांच्या दोन मित्रांनी गुपचूप शाळेत जाऊन आमची वर्षाची फी भरली. हेतू सोन्यासारखा. पण शिपायाच्या तोंडून वडिलांना कळलं. ते मित्रांना काही बोलले नाहीत, फक्त त्यांच्या ओट्यावर जाणं बंद केलं. शेवटपर्यंत. तिसरे एक मित्र होते, किराणा दुकानदार. ते एका रात्री उधारीच्या वह्या घेऊन आमच्याकडे आले आणि म्हणाले, "आप्पा, माझा मेळ बसत नाही, डोकं फिरलं, तू बघ." मेळ खरंच बसत नव्हता, कारण त्यांना हिशेब येतच नव्हता. वडील रात्री दोनपर्यंत कंदिलाजवळ बसले होते. ते दुकान पुढे अकरा वर्षं वडिलांनी लिहिलं.

म्हणून सांगते, नानांकडे देण्यासाठी जाऊ नका, काहीतरी मागायला जा. आणि ते मागणं खरं असू द्या. खोटं काम त्यांना लगेच ओळखू येईल.

केळीबाग_रावेर

ताई, हे वाचून थोडा वेळ पडवीत जाऊन बसलो.

स्पष्ट_बोलतो

ताई, माफ करा. भावाच्या ऑपरेशनचा विचार न करता मी लिहिलं. लग्नातल्या खर्चाबद्दल माझं मत तेच आहे.

शिरपूरचा_पाव्हना

लग्नाचं म्हणाल तर स्पष्ट_बोलतो यांचं मलाही पटतं. माझ्या काकांनी मुलीच्या लग्नात टॉवेल-टोपीच्या आहेरातच एवढा पैसा घातला की तेवढ्यात दोन म्हशी आल्या असत्या. आणि वरण-बट्टीच्या पंगतीला तूप कमी पडलं म्हणून व्याही रुसले ते वेगळंच. पण हे ठरवायचं एकट्या माणसाच्या हातात नसतं हो. मुलीच्या सासरी तिला ऐकून घ्यावं लागेल, या भीतीने बाप कर्ज काढतो.

नंदुरबारची_मिरची

वहिनींना घरगुती उद्योग काढता येईल की! खान्देशी बिबडे, कुरडया, कळण्याच्या पिठाला पुण्या-मुंबईत खूप मागणी आहे. ज्वारी-उडीद दळून किलोच्या पिशव्या केल्या तरी जातील. मी मदत करायला तयार आहे.

धुळ्याची_प्राची

मिरची, तुझा हेतू चांगला आहे पण मला हे पटत नाही. पुरुषाची नोकरी गेली की पहिला सल्ला बाईने पापड लाटायचा. बिबडे कसे होतात माहीत आहे ना? ज्वारी दिवसचे दिवस भिजत घालायची, दळायची, पहाटे चारला चुलीवर मोठ्या पातेल्यात तो घाटा हलवत बसायचं. हात भरून येतात, पण थांबलं तर गाठी होतात. मग ऊन चढायच्या आत खाटेवर ओल्या धोतरावर एकेक थापायचा. माझ्या आत्याचे दोन्ही खांदे यातच गेले. वहिनींनी छप्पन्न वर्षांच्या नवऱ्याला आणि ब्याऐंशीच्या सासूला सांभाळून हेही करायचं? त्यांना स्वतःला करायचं असेल तर जरूर करू देत. पण आधी त्यांना विचारा. या सगळ्या चर्चेत वहिनींना काय वाटतं ते कोणीच विचारलेलं नाही.

नंदुरबारची_मिरची

खरंय गं. मी स्वतः करते आणि मला आवडतं, म्हणून लिहिलं. विचारायला हवं.

भुसावळ_यार्ड

मी रेल्वेत होतो. मला पेन्शन आहे, दवाखाना आहे. माझ्याच गल्लीत वरणगाव रोडच्या छोट्या कारखान्यांत माझ्याइतकेच कष्ट केलेली माणसं आहेत, त्यांना यातलं काही नाही. आमच्यात कष्टाचा फरक नव्हता, फक्त भरती कुठे झाली एवढाच फरक होता.

कामाचं सांगतो. आईंचं वय ब्याऐंशी आहे ना, मग त्यांचं आयुष्मान कार्ड लगेच काढा. सत्तरच्या वरच्यांना उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार. नाना-वहिनींसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, रेशन कार्ड आणि आधार जवळ ठेवा. आईंना एसटी मोफत आहे, पंच्याहत्तरच्या वर. यातून पोट भरत नाही, पण एका आजारपणात पाकिटातले ते साठ हजार जाऊ नयेत, एवढ्यासाठी सांगतोय.

एक_डाळवाला

मी स्वतः छोटी मिल चालवतो. कुठली ते सांगत नाही. मालकांची बाजू सांगू का? दाणे रंगावरून निवडणाऱ्या सॉर्टेक्स मशीनचं कर्ज, आयात तुरीमुळे पडलेले भाव, मोठ्या पॅकिंगवाल्यांशी स्पर्धा. लहान मिल विकावी लागते, हे खरं आहे. त्यात पाप नाही.

पण चोवीस वर्षं ज्याच्या दाताच्या भरवशावर आपण गाडीचा सौदा केला, त्याच्याकडून 'स्वखुशीने' लिहून घेणं चूक आहे. मिलच्या किमतीत माणसांची देणी धरायची असतात. मी माझ्या चार जुन्या माणसांसाठी आयुर्विम्याची ग्रुप ग्रॅच्युइटी घेतली आहे, हा धागा वाचून राहिलेल्या तिघांचीही नावं घातली. कालच.

मेहरूणकाठ

चार दिवसांनी लिहितोय. सगळ्यांचं वाचलं. रविवारी नानांच्या घरी गेलो. अमळनेरच्या ताई, तुमचं ऐकून मागायला गेलो. माझ्याकडे खरंच एक अडचण होती: माझ्या सासऱ्यांची चोपड्याकडे सात एकर शेती आहे, त्यांची तूर जानेवारीत निघेल आणि दरवर्षी व्यापारी ओलाव्याच्या नावाखाली क्विंटलमागे पैसे कापतो. म्हटलं, "नाना, या वेळी तुम्ही सोबत चला." नाना पाच मिनिटं काही बोलले नाहीत. मग विचारलं, "कोणतं वाण लावलं शे?"

त्यानंतर ग्रॅच्युइटीचा विषय काढला. आधी चिडले. "मालकानं चोवीस वर्षं मीठ खाऊ घातलं, त्याच्यावर अर्ज करू?" वहिनी आतून बाहेर आल्या. प्राचीताई, तुम्ही म्हणालात तेच झालं, त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, "मीठ आपण खाल्लं, ते आपल्या घामाचं होतं. भाऊ, कागद करा. ह्यांची सही मी घेते."

मग त्यांनी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. त्यात मुलाची मार्कशीट, मुलीच्या लग्नाची पत्रिका आणि तळाशी एक पिवळी पडलेली पीएफची स्लिप. नाना १९९६ ते २००० एका तेल मिलमध्ये होते. हे मला वीस वर्षांत माहीत नव्हतं. जुनी_फाईल काका, याचा काही उपयोग आहे का?

जुनी_फाईल

उपयोग? भाऊ, ती स्लिप आधी प्लास्टिकमध्ये घाला.

पेन्शन योजना १६ नोव्हेंबर १९९५ ला सुरू झाली, म्हणजे ती तेल मिलची वर्षं तिच्यात बसतात. प्रश्न एकच: नोकरी सोडताना नानांनी पेन्शनचे पैसेही काढून घेतले होते का? पीएफ काढायचा फॉर्म १९ वेगळा आणि पेन्शनचा १०-सी वेगळा. १०-सी भरून पैसे घेतले नसतील तर ती वर्षं जिवंत आहेत. स्लिपवरची तारीख सांगा.

मेहरूणकाठ

रुजू ऑगस्ट १९९६, सोडलं मार्च २०००. नानांना आठवतंय की एकच चेक आला होता, त्यातून त्यांनी सायकल घेतली. कशाचा चेक होता ते आठवत नाही.

जुनी_फाईल

तीन वर्षं आठ महिने आणि आठ वर्षं पाच महिने. बारा वर्षं होतात. पेन्शनचा हिशेब असा: शेवटच्या साठ महिन्यांची सरासरी, पण सप्टेंबर २०१४ नंतरच्या वर्षांना १५,००० च्या आणि आधीच्या वर्षांना ६,५०० च्या वर धरत नाहीत, गुणिले वर्षं, भागिले ७०. तेल मिलच्या वर्षांना साडेसहा हजार, डाळ मिलच्या वर्षांना पंधरा हजार, दोन्हींची बेरीज भागिले सत्तर, म्हणजे महिना साधारण २,१४० रुपये. रक्कम मोठी नाही, पण मरेपर्यंत येते, आणि नानांच्या मागे वहिनींना त्यातला भाग मिळतो.

दोन गोष्टी सांभाळा. एक, कोणी एजंट म्हणेल 'आत्ताच सगळे काढून घ्या', तर मिलच्या खात्याचा १०-सी पैशांसाठी भरू नका. एकदा काढले की ती वर्षं गेली. दोन, पेन्शन अठ्ठावन्नला सुरू होते. आधी घेतली तर दर वर्षामागे चार टक्के कमी, आणि ती कपात कायमची. नाना छप्पन्न. दोन वर्षं कसंही निभत असेल तर थांबा. जुना पीएफ नंबर आत्ताच्या यूएएनला (पीएफच्या कायमच्या नंबराला) जोडण्याचा अर्ज लगेच करा. आधार, जुनी स्लिप, दोन्हीकडे नावाचं स्पेलिंग एकच आहे का तेही बघा. निम्मे अर्ज तिथेच अडकतात.

शिरपूरचा_पाव्हना

काका, तुम्ही जळगावला आलात की भरीत-भाकरी माझ्याकडून. हिरवी वांगी, तुराट्यांवर भाजलेली. शिरपूरहून घेऊन येतो.

जुनी_फाईल

कांद्याची पात विसरू नका.

साक्रीचा_शेतकरी

एक विचारू का मेहरूणकाठ? आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे, साडेतीनशे सभासद. तूर, मूग, सोयाबीन आम्ही एकत्र करून विकतो. आमच्याकडे ओलावा मोजायचं मशीन आहे, पण माल बघून प्रतवारी लावणारा माणूस नाही. गेल्या वर्षी एक अख्खी गाडी परत आली, भाडं आमच्या अंगावर. नाना हंगामात येतील का? जानेवारी ते मार्च. महिना बारा हजार देऊ शकतो, राहायची खोली आणि जेवण. अठरा हजारांच्या माणसाला बारा सांगताना मला संकोच वाटतो, पण आमची ऐपत तेवढीच आहे. हे आम्ही उपकार म्हणून करत नाही, आमची गरज आहे.

एक_डाळवाला

साक्रीच्या भाऊंनी घेतलं नाही तर माझ्याकडे पाठवा. खरंच सांगतो. ही नजर आता मिळत नाही.

अमळनेरची_लेक

बारा हजार कमी आहेत, साक्रीचे भाऊ स्वतःच म्हणतात. त्यांच्यावर राग नाही. पण छप्पन्नाव्या वर्षी घर सोडून तीन महिने साक्रीला खोलीत राहायचं, मागे आई आणि वहिनी एकट्या, याचा विचार करा. आणि मुलाला आता सांगा. सहा महिन्यांचा पगार घेणारा मुलगा लहान नसतो. मला माझ्या वडिलांची नोकरी गेल्याचं शेजारणीकडून कळलं होतं. ते मला अजून लागतं.

मेहरूणकाठ

उशिरा लिहितोय, दीड महिना झाला. सगळं सांगतो.

मुलाला वहिनींनी सांगितलं. तो त्याच रात्रीच्या गाडीने आला. बापलेक काय बोलले मला माहीत नाही, पण तो आता महिना पाच हजार आईच्या खात्यात टाकतो, आणि नाना त्याबद्दल काही बोलत नाहीत. नानांच्या आईंचं आयुष्मान कार्ड निघालं.

ग्रॅच्युइटीचा अर्ज दिला. मालकांनी तीस दिवसांत उत्तर दिलं नाही म्हणून कामगार कार्यालयात दुसरा अर्ज केला, पुढच्या महिन्यात तारीख आहे. परवा मालकांचा निरोप आला, सव्वा लाखात मिटवा म्हणून. नाना म्हणाले, तारखेला बघू. सही करतानाचा त्यांचा हात मी पाहिला होता, अर्जावरचं नाव तीन वेळा खोडून लिहिलं होतं. म्हणून 'तारखेला बघू' हे माझ्यासाठी फार मोठं आहे.

साक्रीला नाना गेले, पण पूर्ण हंगाम नाही. आठवड्यातले चार दिवस, शुक्रवारी घरी. दिवसाला सहाशे ठरले. पहिल्या दिवशी मीच सोडायला गेलो. गोदामात पंधरावीस शेतकरी बसलेले. पहिलं पोतं उघडलं, नानांनी मूठ भरली, फुंकर मारली, दाणा दाताखाली धरला. म्हणाले, "तेरा, साडेतेरा." तिथल्या पोराने मशीन लावलं. १३.२. पोरगा हसला. मग नानांनी त्या शेतकऱ्यालाही एक दाणा दिला, चावून बघ म्हणाले, आणि बारा टक्क्यांवर आणायला किती ऊन लागेल ते समजावत बसले. मी निघालो ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

पेन्शनचं मात्र अडकलं आहे. जुनी_फाईल काका, तुम्ही म्हणालात तेच: स्लिपवर आणि आधारवर नाव वेगळं. स्लिपवर वडिलांच्या नावाचं फक्त पहिलं अक्षर आहे आणि तेल मिल केव्हाच बंद झाली. मालकाचं पत्र आणायचं कुठून?

जुनी_फाईल

शाळा सोडल्याचा दाखला आहे का? त्यावर पूर्ण नाव असेल. तो, आधार आणि प्रतिज्ञापत्र घेऊन आधी स्वतः पीएफ ऑफिसात जा, स्लिप मूळ दाखवा, झेरॉक्स द्या. तेल मिलमधला त्या काळचा कोणी सोबती सापडला आणि त्याचा दावा मंजूर झालेला असेल तर त्याचा खाते क्रमांक आणा, आस्थापनेचा कोड तोच असतो.

केळीबाग_रावेर

कोणती तेल मिल, इथे लिहू नका, मला खासगी निरोप पाठवा. माझे मामा ९७-९८ मध्ये जळगावला एका तेल मिलमध्ये होते. त्यांची पेटी आज रात्रीच उघडतो.